कुलूप दाराला, अंगठा उघड्यावर



चोरी हा पोलीस ठाण्याचा विषय आहे, चळवळीचा नव्हे, असा एक समज कार्यकर्त्यांमध्ये रूढ आहे. पाणी, पीक विमा, हमीभाव, शाळा, दवाखाना हे प्रश्न सामुदायिक. कोणाच्या दाराचे कुलूप तुटले, कोणाच्या खात्यातून दोन हजार रुपये निघून गेले, ही त्या त्या घराची आपत्ती. या समजामागे एक गृहीत दडलेले आहे. ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याच्याकडेच चोर जातो, हे ते गृहीत होय. प्रत्यक्षात ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याच्या घराला उंच आवार असते, पहारेकरी असतो, विमा असतो. आणि रक्कम गेलीच तर बँकेला जाब विचारणारा वकीलही असतो. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यातील एखाद्या शेतमजूर स्त्रीच्या खात्यातून दोन हजार गेले, तर तिचा किराणा, सासूचे औषध आणि मुलाच्या वह्या एकाच दिवशी जातात. शिवाय जाब विचारायला तालुक्याला जायचे तर त्या दिवसाची मजुरीही बुडते. रक्कम लहान असते, आघात लहान नसतो. म्हणूनच घराची आणि घरातल्या माणसांच्या माहितीची राखण हा सार्वजनिक प्रश्न मानून त्याचा विचार करणे आवश्यक आहे.

बंद घरे आणि शेजार

लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला आणि शिरूर अनंतपाळ हा तालुका १९९९ साली अस्तित्वात आला. तालुका नवा असला तरी येथील घरफोडीचे वेळापत्रक कोणत्याही कोरडवाहू भागासारखेच आहे. सोयाबीनची रास झाली, माल लातूरच्या आडतीवर गेला, हातात रोख आली की पहिला हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांच्या घरांना कुलपे लागतात, किंवा घरात केवळ म्हातारी माणसे आणि शाळेची मुले उरतात. हा दुसरा हंगाम. उन्हाळ्यात लग्नसराई असते, दागिने पेटीतून बाहेर निघतात आणि उकाड्यामुळे माणसे गच्चीवर झोपतात, हा तिसरा. शेतातल्या विहिरीवरची मोटार, स्टार्टर, केबल आणि तुषार संचाचे पाइप यांना तर हंगामाचेही बंधन नाही. चोराला या वेळापत्रकाची माहिती असते. गावाला ती त्याहून अधिक असते. तरीही गाव तिचा उपयोग करीत नाही, येथे प्रश्नाचा आरंभ आहे.

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांची बांधणी पाहिली तर राखणीचा विचार तिच्यातच केलेला आढळतो. एक देवडी, आत चौक, जाड भिंतीत बळद, जमिनीत धान्याचे पेव. कोणत्या पेवात किती ज्वारी आहे हे परक्याला कळू द्यायचे नाही, हा जुन्या कुणब्याचा व्यवहार होता. आजच्या भाषेत सांगायचे तर ती त्या घराची वैयक्तिक माहिती होती. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या त्याच जाड भिंतींनी माणसे गाडली. त्यानंतर सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसली, आणि इतरत्रही माळवदे उतरवून लोकांनी पत्र्याची आणि विटा-सिमेंटची घरे बांधली. ते अपरिहार्य आणि योग्यही होते. पण नव्या वसाहतींत घरे दूर दूर गेली. एका ओसरीवरून दुसऱ्याच्या दाराकडे सहज जाणारी नजर तुटली. घर भक्कम झाले, शेजार विरळ झाला.

जुन्या गावगाड्याचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. त्या गावगाड्यात रात्रीची राखण ही ठरावीक जातींवर लादलेली सेवा होती. जागल्याने गावासाठी जागायचे आणि चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा, असा तो न्याय होता. आज हवा आहे तो शेजार समतेचा: ऊसतोडीला जाणाऱ्याचे घर मागे राहिलेल्यांनी पाहावे, आणि त्यात कोणाच्या जातीचा प्रश्न येऊ नये.

या राखणीसाठी फार खर्च लागत नाही. गावाला जाताना घराची किल्ली चौकटीवर, कोनाड्यात किंवा तुळशीपाशी ठेवण्याची सवय मोडली पाहिजे. ती जागा घरच्याइतकीच चोरालाही ठाऊक असते. दागिन्यांच्या पावत्या आणि छायाचित्रे, मोटारीचा क्रमांक, भ्रमणध्वनीचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक हे एका वहीत लिहून ती वही दुसऱ्या घरी ठेवावी. तसे केले नाही तर तक्रार देताना काय गेले हेच सांगता येत नाही, आणि माल सापडला तरी तो आपला असल्याचे सिद्ध करता येत नाही. एटीएम कार्डाच्या पाकिटावर त्याचा गुप्त क्रमांक लिहून ठेवणारे अनेक आहेत. असे पाकीट चोरीला गेले की एका चोरीच्या दोन चोऱ्या होतात. सातबारा, शिधापत्रिका, पासबुक यांच्या प्रती मूळ कागदांसोबत एकाच पेटीत ठेवणे व्यर्थ आहे. पेटी गेली की दोन्ही जातात.

पोलीस पाटलाची नेमणूक १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार होते, आणि ग्रामरक्षक दलाची तरतूदही पोलीस कायद्यात आहे. ही साधने कागदावर ठेवायची की हंगाम ओळखून ती जागी करायची, हे ग्रामसभेने ठरवायचे असते. ऊसतोडीचे टोळीवाले निघण्यापूर्वी कोणती घरे बंद राहणार याची नोंद पोलीस पाटील आणि दोन विश्वासू शेजारी यांच्यापाशी झाली, तरी पुष्कळ काम होते. मात्र ही यादी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. बंद घरांची यादी चोराच्या हाती देण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

संशयाचा सोपा मार्ग

राखणीचा विचार सुरू झाला की गावात एक दुसरी गोष्ट आपोआप सुरू होते. नजर चोराचा शोध घेण्याऐवजी पालावरच्या माणसाचा शोध घेऊ लागते. बाहेर पाल पडले आहे, त्यात अमुक जमातीचे लोक आहेत, तेव्हा चोर तेच, हा तर्क मराठवाड्यात नवा नाही. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. पुढे मुंबई इलाख्यातही तो कायदा लागू झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला आणि त्या जमाती कायद्याच्या भाषेत विमुक्त झाल्या. समाजाच्या मनात त्या विमुक्त झाल्या नाहीत. याची साक्ष शोधायला दूर जाण्याची आवश्यकता नाही. लातूर जिल्ह्यातीलच धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' हे आत्मकथन लिहिले, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या समाजाला चोर हेच नाव देऊन ठेवले होते, त्या समाजाचे जगणे त्या पुस्तकाने मराठी वाचकासमोर ठेवले.

या संशयाला आज भ्रमणध्वनीचे पंख फुटले आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातील भिक्षुकी करणारे लोक होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे, चोर फिरत असल्याच्या अफवेच्या वातावरणात, दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने मारले. मारले गेलेले लोक कोण होते हे प्रत्येक वेळी वेगळे. मारण्यामागची भीती एकच. या दोन्ही घटनांनी एकही चोर पकडला नाही.

म्हणून कार्यकर्त्याने राखणीचे काम हाती घेताना दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या पाहिजेत. रात्री अनोळखी माणूस आढळला तर ११२ या क्रमांकावर कळवावे, त्याला हात लावू नये. आणि पालावरची माणसेही या राखणीची हक्कदार आहेत. त्यांच्याही पेट्या फुटतात, त्यांच्याही खात्यातून रकमा जातात, आणि त्यांची तक्रार लिहून घेतली जाण्याची शक्यता सर्वांत कमी असते.

अंगठ्याचा इतिहास

येथवर दाराची गोष्ट झाली. पण गेल्या दशकात चोराला दारापर्यंत येण्याची आवश्यकताच उरलेली नाही. त्याला हवा असतो तो अंगठा.

गरिबाच्या अंगठ्यावर डल्ला मारण्याचा इतिहास जुना आहे. कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा आणि मागाहून त्यावर हवी ती रक्कम लिहायची, ही सावकारीची जुनी रीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि तो उठाव पुणे-अहमदनगरच्या गावागावांत पसरला. त्या जमावांना मुख्यतः हवे होते ते सावकाराकडचे कर्जरोखे. ते हाती लागले की जाळले जात. धान्यापेक्षा कागद अधिक घातक आहे हे त्या निरक्षर शेतकऱ्याने ओळखले होते. त्याचे कारण असे की रोख्यात काय लिहिले आहे हे ज्याच्याविरुद्ध लिहिले त्याला वाचता येत नसे. १८७९ चा दख्खन शेतकरी दिलासा कायदा त्यातून आला आणि कुणब्याचे करार सरकारी निबंधकासमोर लिहिण्याची अट त्यात घातली गेली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तो दिलासाही येथवर पोचला नाही.

बोटांच्या ठशाचा राज्यकारभारात वापरही याच देशात सुरू झाला. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका स्थानिक कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. हेतू एवढाच की पुढे त्याने करार नाकारू नये. ठशाचा जन्मच मुळी अविश्वासातून झाला, आणि तो अविश्वास एकतर्फी होता: अधिकाऱ्याने कंत्राटदाराचा ठसा घेतला, कंत्राटदाराने अधिकाऱ्याचा घेतला नाही. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांवर ठशांसह नोंदणीची सक्ती केली तेव्हा गांधीजींनी प्रतिकार उभारला. १९०८ च्या आरंभी तडजोड झाली आणि नोंदणी ऐच्छिक ठरली, तेव्हा गांधीजींनी स्वतः नोंदणी केली. सरकारने शब्द फिरवल्यावर त्याच वर्षी १६ ऑगस्टला जोहान्सबर्ग येथे नोंदणीची प्रमाणपत्रे जाळली गेली. त्यांचा विरोध शाईला नव्हता, सक्तीला होता. हा भेद आज पुन्हा ध्यानात घेण्यासारखा आहे.

२९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. त्यामागचा सांगितलेला हेतू चांगला होता: ज्याच्याकडे कोणताही कागद नाही, त्याला ओळख मिळावी. २८ ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती उघडली. अनुदान, निवृत्तिवेतन, विम्याची भरपाई थेट खात्यात येऊ लागली, मधला दलाल गेला असे सांगितले गेले. पण शाखा दूर, यंत्र बंद, रांग मोठी; म्हणून गावात बँकेचा प्रतिनिधी आला, आणि खात्यातले पैसे अंगठा लावून मिळू लागले. आधारवर चालणाऱ्या या देयक व्यवस्थेत तीन गोष्टी पुरतात: आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा. गुप्त क्रमांक लागत नाही, संदेशावर आलेले अंक लागत नाहीत. वृद्धांना आणि निरक्षरांना सोयीचे व्हावे म्हणून केलेली ही रचना आहे. आणि तीच चोरालाही सोयीची झाली आहे.

येथे एक क्रूर विसंगती आहे. ऊस तोडून, वीट उचलून, सोयाबीन काढून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा खरा अंगठा स्वस्त धान्य दुकानातल्या यंत्राला ओळखू येत नाही. 'मावशी, बोट पुसून पुन्हा ठेवा,' असे दुकानदार म्हणतो, आणि मावशी बोट पदराला पुसून पुन्हा ठेवते. त्याच व्यवस्थेत जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरून ठसे उचलून त्यांची सिलिकॉनची प्रतिकृती करणारे चोर तेलंगणासह अनेक राज्यांत पोलिसांना सापडले, आणि ती नकली बोटे यंत्राने बिनतक्रार स्वीकारली होती. राबणारा अंगठा नाकारला जातो आणि साच्यातला अंगठा चालतो.

पण ग्रामीण भागातील बहुतेक फसवणुकीला एवढ्या कारागिरीचीही गरज पडत नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यात सप्टेंबर २०२४ मध्ये असेच एक प्रकरण वृत्तपत्रांतून पुढे आले. स्त्रियांसाठी असलेल्या 'लाडकी बहीण' योजनेत पुरुषांचे आधार आणि पासबुक वापरून अर्ज भरले गेले, रकमा त्या पुरुषांच्या खात्यांत आल्या, आणि दुसऱ्याच योजनेचे पैसे आल्याचे सांगून त्यांच्या अंगठ्यांवर त्या काढून घेतल्या गेल्या, असा आरोप एका सेवा केंद्राच्या चालकावर झाला. एक रुपयात पीक विमा देणारी योजना २०२३ च्या खरिपापासून राज्यात सुरू झाली. तिच्यातही इतरांच्या जमिनींवर, शासनाच्या आणि देवस्थानांच्या जमिनींवरदेखील बनावट अर्ज भरल्याचे उघडकीस आले, आणि २०२५ मध्ये ती एक रुपयाची सवलत बंद झाली. फसवणूक कागद हाताळणाऱ्या काहींनी केली. सवलत गेली ती सर्व शेतकऱ्यांची.

ही प्रकरणे नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ज्यांची माहिती वापरली गेली त्यांनी ती निष्काळजीपणे रस्त्यावर टाकली नव्हती. ती त्यांच्याकडून मागितली गेली होती. प्रत्येक योजनेसाठी आधारची प्रत, पासबुकाची प्रत, सातबारा, छायाचित्र. प्रत्येक प्रत एका टेबलावर, एका भ्रमणध्वनीत, एका झेरॉक्सच्या दुकानातल्या रद्दीत. माहिती द्या नाही तर लाभ नाही, असे म्हणणाऱ्या व्यवस्थेने माहिती गेल्यावर 'तुम्ही सावध राहायला हवे होते' असे म्हणणे हा जुन्या सावकाराचाच न्याय आहे.

जबाबदारी कोणाची

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. ज्येष्ठ निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारलाच आव्हान दिले होते. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने शासकीय लाभांसाठी आधार कायम ठेवले, पण खाजगी कंपन्यांनी ते सक्तीने मागण्याचा आधार काढून घेतला. हा अधिकार शहरातील सुशिक्षितांची चैन आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. ज्याच्याकडे दडवण्यासारखे काही नाही त्याला खाजगीपणा कशाला, असे विचारणाऱ्याने पेव आणि बळद आठवावे. गरिबाला माहिती झाकण्याची गरज श्रीमंतापेक्षा अधिक असते, कारण ती उघडी पडली तर सावरण्यासाठी त्याच्याकडे दुसरे काहीच नसते.

माहिती सर्वांत मोठ्या प्रमाणावर उघडी कोणी पाडली, हेही सांगितले पाहिजे. २०१७ च्या मे महिन्यात बंगळूरच्या एका अभ्याससंस्थेने दाखवून दिले की रोजगार हमी आणि सामाजिक साहाय्य यांसह केवळ चार शासकीय संकेतस्थळांवर सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक, आणि अनेकांचे बँक खाते क्रमांकही, कोणालाही पाहता येत होते. ते लोक कोण होते? मजूर, विधवा, वृद्ध निवृत्तिवेतनधारक. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने आधारची प्रत कोणालाही देऊ नये असे पत्रक काढले. दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले. प्रत द्यावी की देऊ नये याविषयी खुद्द यंत्रणेचाच निर्णय होत नसेल, तर शिरूरच्या बाजारातल्या शेतकऱ्याने तो कसा करावा?

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा अखेर २०२३ साली संमत झाला. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतली हे सांगावे, ती गळली तर संबंधिताला कळवावे, ही त्यातील तत्त्वे स्वागतार्ह आहेत. परंतु त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(जे) बदलून, सार्वजनिक हितासाठी वैयक्तिक माहिती उघड करण्याची त्या कलमातली वाट काढून टाकली. येथे कार्यकर्त्याने सावध राहिले पाहिजे. हजेरीपट, लाभार्थ्यांच्या याद्या आणि कंत्राटांची देयके यांवर प्रकाश टाकूनच ग्रामीण भागातील भ्रष्टाचाराविरुद्धच्या लढाया लढल्या गेल्या आहेत. विधवेच्या खात्याचा क्रमांक आणि कंत्राटदाराच्या देयकाची रक्कम यांत भेद आहे. सत्तेचा हिशेब उघडा असावा, माणसाचा अंगठा झाकलेला असावा, ही यातील न्याय्य मर्यादा होय. आज नेमके उलट घडण्याचा धोका आहे.

काय करता येईल

अंगठ्याला कुलूप लावता येते, ही गोष्ट अजून गावोगावी पोचलेली नाही. आधार प्राधिकरणाच्या ॲपवरून, संकेतस्थळावरून किंवा आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद बंद करता येते; गरज पडेल तेव्हा ती तात्पुरती उघडता येते. यासंबंधीची विचारपूस १९४७ या क्रमांकावर होते. मात्र ज्यांना धान्यासाठी दर महिन्याला अंगठा द्यावा लागतो त्यांना कुलूप उघडण्याची रीतही शिकवली पाहिजे, नाही तर चोरापासून वाचलेले कुटुंब धान्याला मुकेल. जेथे प्रत देणे भागच आहे तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारी आधारची प्रत द्यावी, किंवा प्रतीवर कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहावे. त्याने चोरी अशक्य होत नाही, पण त्या प्रतीचा दुसऱ्या कामासाठी वापर करणाऱ्याची अडचण होते.

अंगठा देताना तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे: कशासाठी, किती रकमेसाठी, पावती कोठे? 'तात्या, अंगठा आला नाही, पुन्हा ठेवा,' असे कोणी म्हटले तर पहिला व्यवहार फसल्याची पावती मागावी. पहिला व्यवहार झालेला असूनही दुसऱ्यांदा अंगठा घेण्याची युक्ती जुनी आहे. बँकेच्या गावपातळीवरील अशा प्रतिनिधींची पडताळणी आणि देखरेख करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने जून २०२५ च्या निर्देशांनी बँकांवर घातले, आणि १ जानेवारी २०२६ पासून ते लागू झाले. त्याची विचारणा बँकेकडे ग्रामसभेच्या ठरावाने करता येते. बहुतेक केंद्रचालक हे गावातलेच, तुटपुंज्या कमिशनवर राबणारे तरुण आहेत. त्यांना सरसकट चोर ठरवणे हा पालावरच्या संशयाचाच दुसरा अवतार होईल. फलकावर दर, प्रत्येक कामाची पावती आणि रद्दीतल्या प्रती फाडून टाकण्याचा नियम असावा, अशी मागणी केली तर प्रामाणिक चालकालाच तिचा आधार वाटेल.

दूरध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीत निवृत्त शिक्षक आणि कर्मचारी अधिक सापडतात. पोलिसाच्या वेशातला माणूस पडद्यावर येतो आणि घरातच अटक झाल्याचे सांगतो. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कोणत्याही भारतीय कायद्यात नाही, हे वाक्य पारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखे आहे. लग्नपत्रिका किंवा शेतकरी सन्मानाचा हप्ता म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके नावाची फाइल उघडली की भ्रमणध्वनीची किल्ली दुसऱ्याकडे जाते, हेही घरातल्या तरुणांनी वडीलधाऱ्यांना समजावून द्यावे.

आणि रक्कम गेलीच तर? वेळ हाच पहिला उपाय आहे. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवले तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम तेथेच गोठवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच ठिकाणची असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान ग्राहकावर पडू नये. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले. कळवल्याचा लेखी पुरावा मात्र हाती असला पाहिजे. दुसऱ्याची ओळख चोरून वापरण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यावी लागते. 'अर्ज देऊन जा, बघू' हे उत्तर कायद्याचे उत्तर नव्हे. ठाण्याने खबर घेतली नाही तर ती पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते.

कलमे सांगून काम संपत नाही. ज्याची रक्कम गेली तो माणूस प्रथम गप्प बसतो. मुलगा रागावेल, नवरा मारेल, गाव हसेल, 'शिकलेला असून फसला' असे म्हणेल, या लाजेत पहिले तीन दिवस जातात, आणि त्याच तीन दिवसांत हक्क निसटतो. चोराचा खरा साथीदार ही लाज आहे. ती एकट्या माणसाला झटकता येत नाही. कोणीतरी त्याच्याबरोबर बँकेत जाऊन बसावे लागते, अर्ज लिहून द्यावा लागतो, ठाण्याच्या पायरीवर उभे राहावे लागते. स्वतः फसल्याची गोष्ट एखाद्या मान्यवराने ग्रामसभेत उघडपणे सांगितली, तर तिचा परिणाम दहा पत्रकांहून अधिक होतो.

तालुक्यातील प्रत्येक गावात दोन स्त्रिया आणि दोन तरुण यांनी एवढेच काम पत्करावे: ऊसतोडीच्या हंगामाआधी बंद घरांची विचारपूस, महिन्यातून एक दिवस बचत गटाच्या बैठकीत पासबुके भरून आणून व्यवहारांचे वाचन, आणि फसलेल्याबरोबर पहिल्याच दिवशी बँकेत व ठाण्यात जाणे. सुप्याच्या शेतकऱ्याला स्वतःच्या रोख्यातले वाचता येत नव्हते, म्हणून त्याला तो जाळावा लागला. आजच्या शेतमजूर स्त्रीचे पासबुक तिच्या शेजारणीला तरी वाचता येते. ते वाचण्यासाठी दोघींनी एकत्र बसणे, येथून राखणीची सुरुवात होते.